सरांनी न केलेला अर्ज

या अंकाच्या संपादकांनी मला फोनवर सांगितले, "तुमच्या धंद्यातले गमतीदार अनुभव लिहून द्या." मी त्यांना म्हणालो, लेखी कळवा. त्यांनी कळवले. त्यांच्या पत्रावर दिनांक नव्हता. तो घालून पत्र पुन्हा पाठवावे, असे मी त्यांना उलटटपाली लिहिले. त्यांनी तेही केले. इतक्या सोशिक माणसाला नकार देणे योग्य नव्हे, म्हणून लिहायला बसलो आहे. मात्र जे लिहीत आहे ते फारसे गमतीदार नाही, याची त्यांनी व वाचकांनी आधीच नोंद घ्यावी.

मी बत्तीस वर्षे वसईला न्यायालयाबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिले. मी वकील नाही. काळ्या कोटातली मंडळी आत जात, मी बाहेर बसत असे. एक लोखंडी मेज, त्यावर मराठी टंकयंत्र, कार्बन कागदाचा गठ्ठा, टाचण्यांची डबी आणि डोक्यावर ताडपत्री. ज्यांचे गाऱ्हाणे वकिलापर्यंत नेण्याइतके मोठे नसे पण गप्प बसण्याइतके लहानही नसे, ते माझ्याकडे येत. सातबाऱ्यावर चुकलेले नाव, शेजाऱ्याच्या चिंचेची आपल्या कौलांवर आलेली फांदी, बापाच्या मृत्यूच्या दाखल्यावर पडलेले आजोबांचे नाव. माणूस उभ्याउभ्या तासभर बोले. त्यात शिव्या असत, रडणे असे, चुलत्याच्या तीन पिढ्या असत. मी सगळे ऐकून घेई आणि त्यातून दोन परिच्छेद काढी.

बाहेरच्या माणसाला वाटते, अर्ज म्हणजे विनंती. तसे नाही. अर्ज म्हणजे समोरच्या अधिकाऱ्याला 'नाही' म्हणायला जागाच न ठेवणे. वर एका ओळीत विषय. मग आधीच्या पत्रव्यवहाराचा संदर्भ. मग घडलेले प्रसंग, तारखांच्या क्रमाने, विशेषणांवाचून. अर्जदार संतापलेला असेल तर विशेषणे मुळीच नकोत, कारण ती वाचली की अधिकारी अर्जाकडे न बघता अर्जदाराकडे बघू लागतो. शेवटी नेमके काय हवे ते एका वाक्यात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का व आवक क्रमांक. याला पोच म्हणतात. "साहेब म्हणाले, ठेवून जा," असे सांगत परत आलेल्या कितीतरी लोकांना मी तसाच माघारी धाडला आहे. "साहेब उद्या म्हणतील, कुठे ठेवलात? जा, शिक्का घेऊन या."

मिठागराकडच्या वस्तीवरची एक म्हातारी एकदा नळाची तक्रार घेऊन आली. "लिव, पानी नाय," एवढे म्हणून ती थांबली. मी वस्तीतली घरे, जलवाहिनी टाकल्याचे वर्ष, आधीच्या तक्रारी असे एकेक विचारू लागलो, तेव्हा ती वैतागली. "पानी नाय ते नाय. त्याच्यात आनखी काय लिवायचं असतं?" मी पानभर लिहून तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "कागदावर तर लय आलं. नळाला येल तवा खरं." पाणी आले. पण माझ्या भाषेचे ज्याला खरे परीक्षण म्हणता येईल, ते तिनेच केले.

चिंचोटीचा एक शेतकरी आला होता. पावसाळ्यात धबधब्यावर जाणारी टोळकी त्याच्या भातशेतीतून वाट काढत, बाटल्या फोडत. त्याने मला विषय सांगितला: 'धबधबा बंद करणेबाबत.' मी त्याला समजावले की धबधबा बंद करण्याचा अधिकार कोणत्याच कार्यालयाला नाही. मात्र त्याच्याकडे जाणारी वाट बंद करता येते. मी कसून अर्ज लिहिला. वाट बंद झाली. आठवड्याने तोच माणूस पुन्हा मेजासमोर उभा. त्याच वाटेवर त्याच्या सुनेची भज्यांची टपरी होती, हे मला सांगायचे त्याचे राहून गेले होते. "आता परत उघडायचा अर्ज लिहा," तो म्हणाला. मी त्याच्यावर पुष्कळ रागावलो. काय मागायचे ते आधी नीट ठरवता येत नाही का, असे त्याला चार माणसांत विचारले. तो गरीब माणूस मान खाली घालून ऐकत राहिला. आज त्याची क्षमा मागावीशी वाटते. पण त्याचा पत्ता माझ्यापाशी नाही.

आता ज्यांच्याविषयी लिहायचे आहे, ते पास्कल सर.

सर कोणत्याही शाळेत शिक्षक नव्हते. ते एका कारखान्यात फिटर होते. पहिली पाळी करून परत येत आणि दुपार कलली की आमच्या घरामागच्या तळ्याकाठच्या मैदानावर मुलींना व्हॉलीबॉल शिकवत. विनामूल्य, सत्तावीस वर्षे. त्यांना सर म्हणा असे कुणी कुणाला सांगितले नव्हते. मुली म्हणू लागल्या, मग त्यांच्या आया म्हणू लागल्या, मग मासळीबाजारातल्या बाया म्हणू लागल्या.

रोज खेळ सुरू होण्याआधी प्रत्येक मुलीने विहिरीतले डबाभर पाणी आणून मैदानावर शिंपडायचे, हा त्यांचा पहिला नियम. माती बसली की सर अनवाणी होऊन चुन्याच्या रेषा ओढत. उलट्या पावलांनी चालत, दोरी न लावता. आणि रेष पट्टीने मारल्यासारखी येई. जाळीच्या वर बांबूला ते एक केळफूल टांगत. उडी मारून त्याला पंजा लावायचा. लावता आला की दुसऱ्या दिवशी केळफूल चार बोटे वर गेलेले असे, आणि कुणी वर नेले ते कुणी विचारायचे नसे. ते कधी ओरडले नाहीत. चूक झाली की चेंडू दोन्ही हातांत धरून नुसते उभे राहत. खेळ थांबे. सगळ्या बघत राहत. मग सर म्हणत, "परत."

माझी मुलगी मेधा दहा वर्षांची असताना मी तिला त्यांच्याकडे नेले. ती किरकोळ होती, चारचौघांत बोलत नसे. मी सरांना तिच्यासमक्ष सांगितले, "हिच्या अंगात जोर नाही. जमेल तेवढे बघा."

सर म्हणाले, "वकीलसाहेब, जोर असलेल्या पोरी माझ्याकडं पाच आहेत. त्या चेंडू मारतात. पण मारण्याजोगा चेंडू कुणीतरी वर उचलून द्यावा लागतो. त्याचं नाव पेपरात येत नाही. ते काम हिला देऊन बघू."

मी वकील नसल्याचे त्यांना ठाऊक होते. तरी शेवटपर्यंत ते मला वकीलसाहेबच म्हणत आले. त्यात थट्टा किती आणि मान किती, ते मला कधी उलगडले नाही.

मेधा लिफ्टर झाली. दोन्ही हातांच्या बोटांनी चेंडू असा वर ठेवायची की मारणारीला फक्त उडी मारायची बाकी राहावी. आज ती पुण्याला एका मोठ्या कचेरीत चाळीस माणसे सांभाळते. माणसाला हवे ते हवे तेव्हा हातात द्यायचे, एवढेच आपण सरांकडून शिकलो, असे ती म्हणते. मी तिच्यासाठी जे काही केले, त्याची यादी याहून लांब असेल. पण त्या यादीत असे एक वाक्य नाही.

सरांनी मंडळ नोंदवावे म्हणून मी त्यांच्या कितीदा मागे लागलो. घटना लिहून देतो, नोंदणी करून देतो, म्हटले.

"मंडळ झालं की अध्यक्ष लागतो," सर म्हणत. "अध्यक्ष झाला की हार लागतो. हार आला की भाषण लागतं. मग पोरी खेळणार कधी?"

"सर, कागद असला की उद्या कुणी बोट दाखवू शकत नाही."

"दाखवू दे की. बोट दाखवणाऱ्याला मी चेंडू झेलायला उभा करीन."

मी हसत असे. मनातून मला ते आवडत नसे. ज्याच्या पायाखालच्या जमिनीला कागद नाही तो माणूस अधांतरी उभा आहे, असे मी तेव्हा मानत होतो. आजही मानतो. तो अधांतरी असण्याला कोण जबाबदार, एवढ्यापुरते माझे मत बदलले आहे.

मैदान विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी राखीव होते. तरी आजूबाजूला इमारती वाढल्या तशी लोकांची नजर त्याच्यावर गेली. आधी लग्नाचे मांडव पडू लागले. मग कपड्यांचे सेल लागले. मग एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा मंच उभा राहिला आणि महिनाभर उतरला नाही. मग रात्रीचे ट्रक. मांडव उठला की मातीत खिळे, तारा, काचा राहत. सर मुलींना एका रांगेत उभे करत आणि ती रांग वाकून, पाऊल पाऊल पुढे सरकत, मैदान वेचून काढी. एकदा एका मुलीच्या टाचेत खिळा गेला. सरांनी तिला पाठुंगळी घेऊन दवाखाना गाठला आणि दुसऱ्या दिवशी रांग पुन्हा उभी केली.

माझा संताप अनावर झाला. "मी लिहितो," मी सरांना म्हणालो.

"नका लिहू," सर म्हणाले. "लग्नाचा मोसम दोन महिने असतो. मांडव जातो. आम्ही इथंच असतो."

"हा प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही, कायद्याचा आहे."

"मग कायद्याला लिहू द्या," असे म्हणून ते चुना भिजवायला गेले.

मी लिहिले. पावणेदोन वर्षे लिहिले. संबंधित कार्यालयाचे नाव मी इथे मुद्दाम देत नाही, कारण या हकिगतीतला मुख्य दोष त्या कार्यालयाचा नाही. स्मरणपत्रे झाली, माहितीच्या अधिकारातले अर्ज झाले, अपिले झाली. शेवटी एका अधिकाऱ्याने, बहुधा माझ्या पत्रांना कंटाळूनच, मला बोलावून सांगितले, "तुम्हाला नेमका काय नियम हवा, तो तुम्हीच लिहून द्या. आम्ही ठेवतो वर."

माझ्या आयुष्यातला तो सर्वांत अभिमानाचा दिवस होता. लोकांची गाऱ्हाणी मांडणाऱ्या माणसाला नियमच लिहायला सांगितला होता. मी घरी येऊन दार लावून बसलो आणि हे वाक्य लिहिले: 'सदर क्रीडांगणाचा वापर कोणत्याही व्यक्तीस अथवा संस्थेस, कोणत्याही प्रयोजनासाठी, सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय करता येऊ नये.'

त्याखाली मी दुसरे वाक्य लिहिले: 'परंतु येथे नियमितपणे चालू असलेल्या विनामूल्य व्हॉलीबॉल प्रशिक्षणास ही अट लागू राहणार नाही.'

आणि ते दुसरे वाक्य मी खोडले.

ते विसरले गेले नाही, नजरचुकीने गळले नाही. मी त्यावर अर्धा तास विचार केला. नियमात एक अपवाद ठेवला की त्याच फटीतून मांडववाले आत शिरतील. 'आम्हीही नियमित' म्हणतील, 'आम्हीही विनामूल्य' म्हणतील. नियम निर्दोष हवा होता. सरांची परवानगी काय, मी एका दिवसात काढून दिली असती. शिवाय त्या निमित्ताने तरी त्यांचे काही कागदावर येईल, असाही एक विचार माझ्या मनात होता. सरांना विचारावे, असे मात्र मनात आले नाही. तळ्यापलीकडे राहणाऱ्या माणसाला विचारायला पाच मिनिटे लागली असती.

नियम मंजूर झाला. कुंपण आले, फाटक आले, कुलूप आले, रखवालदार आला. फाटकावरच्या निळ्या फलकावर माझे वाक्य पांढऱ्या अक्षरांत लागले, एक स्वल्पविरामही न बदलता. मी आळीत पेढे वाटले. एक पेढा सरांनाही दिला. त्यांनी तो खाल्ला आणि म्हणाले, "चला, आता वेचावं लागणार नाही."

दुसऱ्या दिवशी रखवालदाराने त्यांना फाटकावर अडवले. बावीस मुली मागे उभ्या होत्या. रखवालदार नवा होता, सरळ होता. "सर, मेरा कुछ नहीं. बोर्डवर लिहिलंय. लेटर आणा, मी स्वतः उघडून देतो."

सर माझ्याकडे आले. रागावलेले नव्हते. "वकीलसाहेब, ते लेटर काय म्हणतो तो?"

मी त्याच संध्याकाळी कामाला लागलो. कार्यालयाने परवानगीसाठी एक नमुना केला होता. त्यात नोंदणीकृत संस्थेचे नाव होते, प्रशिक्षकाची अर्हता होती, आणि एक रकाना होता: 'यापूर्वी मैदान वापरत असल्यास, कोणाच्या परवानगीने.' सरांकडे संस्था नव्हती, प्रमाणपत्र नव्हते. खेळ ते कारखान्याच्या संघात शिकले होते. अशा प्रकरणी एक ठरलेली वाट असते. अर्जदाराने आजवरचा वापर विनापरवाना असल्याचे मान्य करायचे, दिलगिरी व्यक्त करायची आणि यापुढे नियम पाळण्याची हमी द्यायची. मग अधिकारी विशेष बाब म्हणून मंजुरी देतो. मी तसा मसुदा केला. माझ्या मते उत्तम मसुदा होता. फक्त सही हवी होती.

सरांनी चष्मा लावून तो माझ्या ओटीवर बसून मोठ्याने वाचला. "'मी, अर्जदार, पास्कल... गेली सत्तावीस वर्षे सदर मैदानाचा विनापरवाना वापर केल्याबद्दल मनःपूर्वक दिलगीर आहे.'" त्यांनी चष्मा काढला. "हे मी म्हणायचं?"

"सर, ही फक्त भाषा आहे. सगळेच असे लिहितात."

"ट्रकवाल्यानं लिहिलं होतं?"

"तो तर पळून गेला."

"मांडववाल्यानं?"

मी त्यांच्यापुढे पेन धरले.

"म्हणजे ज्यांनी खिळे टाकले ते सुटले, आणि ज्यानं वेचले त्यानं दिलगीर व्हायचं."

"एक सही करा, उद्या फाटक उघडेल. नंतर आपण भांडू. मीच भांडेन तुमच्या वतीने."

"वकीलसाहेब," सर म्हणाले, "पोरींना मी एक गोष्ट शिकवली. पंचानं चूक दिली तरी बोलायचं नाही, पण चेंडू रेषेत पडलेला असताना बाहेर पडला असं आपल्या तोंडानं कबूल करायचं नाही. आता मीच कसं करू?"

यावर मी जे बोललो ते आजही कानात आहे. मी म्हणालो, "कायदा सगळ्यांना सारखा असतो, सर. तुम्ही त्याच्याहून मोठे नाही."

त्यांनी मसुद्याची घडी घातली, माझ्या मेजावर ठेवली, आणि चपला घालून गेले. त्यानंतर दोन वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मी वाट पाहत होतो की ते सहीसाठी येतील. ते कशाची वाट पाहत होते, मला माहीत नाही.

वटारला त्यांची वडिलोपार्जित वाडी होती. केळी आणि पानवेली. सरांनी केळीच्या तीन ओळी तोडल्या आणि तिथे जाळी बांधली. पण वसईहून वटारला मुलींनी यायचे म्हणजे बस, मग रिक्षा, मग चालणे. परतताना अंधार. आया पहिले काही दिवस सोबत गेल्या. मग ज्यांची परीक्षा होती त्यांनी सोडले, मग ज्यांची नव्हती त्यांनी. बावीसच्या बारा झाल्या, बाराच्या सात. व्हॉलीबॉलला एका बाजूला सहा खेळाडू लागतात, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सहाच्या खाली संख्या गेली की तो खेळ राहत नाही, नुसती कसरत राहते.

इकडे तळ्याकाठचे मैदान रिकामे होते. संध्याकाळी खिडकीत उभा राहिलो की कुलूप दिसे. फलकही दिसे.

शेवटी मीच वटारला गेलो. निवृत्त झालो होतो, हातात काम नव्हते. वाडीत चार मुली होत्या. कोर्ट आखूड होते, कारण मागच्या रेषेला लागूनच विहिरीचा कठडा होता; सर्व्हिस करायला बाजूने तिरके उभे राहावे लागे. जाळीच्या एका बाजूला चार मुली आणि दुसऱ्या बाजूला एकटे सर, पासष्टीचे, चेंडू उचलून देत होते. मला बघून त्यांनी चेंडू हातात धरला.

"बसा," ते म्हणाले. "इथं बसायला परवानगी लागत नाही."

मी कठड्यावर बसलो. त्यांनी शहाळे सोलून दिले. मुली गेल्या. पानवेलींना पाणी सुटले होते, त्याचा आवाज येत होता.

"एक विचारू?" सर म्हणाले. "राग नाही आता. नुसतं विचारतो. तो बोर्ड तुम्ही लिहिलात ना? लिहिताना आमची आठवण झाली होती का?"

मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो की खरे ते लिहा, त्याने प्रकरण बळकट होते. मी त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणालो, "नाही हो सर. अगदीच लक्षातून गेले."

त्यांच्या चेहऱ्यावरचे काहीतरी सैल झाले. "मग ठीक आहे," ते म्हणाले. "विसरायला काय, मी पण विसरतो. परवा शिट्टीच घरी ठेवून आलो." आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतर वर्षभरात, एका शनिवारी पहाटे, सर झोपेतच गेले. हृदयाचे दुखणे होते, पण त्यांनी ते कुणाला सांगितले नव्हते.

रविवारी दुपारी अंत्ययात्रा घराकडून चर्चकडे निघाली. वाट मैदानाच्या फाटकावरूनच जाते. कुठून कुठून बायका आल्या होत्या. चाळिशीच्या, तिशीच्या, जुन्या संघाचे पिवळे शर्ट ताणून घातलेल्या. शवपेटीला खांदा सहा जणींनी दिला होता. त्यांत माझी मेधा होती. ज्या पुढाऱ्याचा मंच महिनाभर उतरला नव्हता, त्यांचे भले मोठे पुष्पचक्र सर्वांच्या पुढे होते; त्यावर त्यांचे नाव सरांच्या नावाहून मोठ्या अक्षरांत होते. याविषयी मी त्यांना स्वतंत्रपणे लिहिले आहे.

फाटकापाशी त्या सहा जणी थांबल्या. कुणी ठरवले नव्हते. एक म्हणाली, "सरांना एकदा आत नेऊ. पाच मिनिटं."

रखवालदार तोच होता. त्याचे डोळे भरले होते. "ताई, मी खोलतो. पण वर कळलं तर नोकरी जाईल. काही कागद तरी द्या, मी दाखवीन."

मेधाने खांद्यावरचा भार न हलवता माझ्याकडे मान वळवली. "बाबा, लिहा ना. तुम्हाला येतं."

पिशवीत पॅड असतेच. मी एका रिक्षाच्या टपावर ते ठेवले आणि लिहू लागलो. शब्द आपोआप येत होते. दिनांक. प्रति. विषय. 'मी, अर्जदार, पास्कल...' इथवर आल्यावर माझ्या ध्यानात आले की मी नवा अर्ज लिहीतच नव्हतो. तीन वर्षांपूर्वीचा तो मसुदा मला पाठ होता आणि हात तोच उतरवत होता. पुढचा शब्द 'गेली' होता. त्याच्या पुढचे 'सत्तावीस वर्षे'.

शेजारी सरांच्या पत्नी फिलूबाय येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी कागदावरचे नाव वाचले.

"जिता होता तवा त्यानं केला नाय अर्ज," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता मेल्यावर त्याच्याकडून करून घेताय, भाऊ?"

मग त्या पुढे झाल्या आणि शवपेटीला हात लावून म्हणाल्या, "चला गं पोरींनो. फादर थांबलेत." यात्रा पुढे गेली. रखवालदाराने टोपी काढून हातात धरली होती.

सर गेल्यावर महिन्याने मी नियमात बदल करण्यासाठी अर्ज केला. माझ्याच अर्जावर झालेल्या नियमाविरुद्ध. उत्तर आले की नियम नागरिकांच्या मागणीवरून, पूर्ण विचारांती केलेला असून त्यात अपवाद केल्यास गैरवापर संभवतो. हा मुद्दा त्या कार्यालयाला मीच पुरवला होता. मी अपील केले आहे. अपिलाच्या कारणांत खोडलेले वाक्य जसेच्या तसे दिले आहे, ते का खोडले हेही दिले आहे, आणि पास्कल सरांनी विचारले असता मी खोटे बोललो, हेही. अपिलाला या शेवटच्या मजकुराची गरज नव्हती. तरीही तो ठेवला.

हे इतरांच्या वाचनात येण्याआधी फिलूबायना कळावे म्हणून मी अपिलाची प्रत घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्या ओट्यावर बसून विड्याची पाने लावत होत्या. लहान पाने एकीकडे, मोठी दुसरीकडे. मी सगळे वाचून दाखवले. वटारचा प्रसंग आला तेव्हा त्यांचे हात थांबले.

"त्या दिवशी तो घरी आला," त्या म्हणाल्या, "आणि बोलला, वकील विसरले होते गं, मुद्दाम नव्हतं. मग नीट जेवला. कितीतरी दिवसांनी."

मी चष्मा काढून खिशात ठेवला.

"तुमी हे पोटात ठेवलंत म्हणून तो जेवला. आता मला सांगितलंत, तुमी पण नीट जेवाल." त्यांनी पानांची चळत पुढे ओढली. "मी कुनाला सांगू?"

मी प्रत त्यांच्यापाशी ठेवून उठलो. त्यांच्या अंगणाच्या फाटकापर्यंत आलो असेन, तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. कागदाची नीट घडी घालून त्यांनी तो माझ्या हातात परत दिला आणि पुन्हा पाने लावायला बसल्या.